यिर्मया २९:११ हे वचन माझ्यासाठी आहे का? एका भगिनीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत या ताईंच्या वाट्याला यिर्मया २९:११ (यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातले वचन) याचे वचनकार्ड, म्हणजे नव्या वर्षासाठी शास्त्रातले एक वचन छापलेली चिठ्ठी, आली. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला पुढच्या दिवसांची आशा देणारे आहेत, असे परमेश्वर म्हणतो, हा त्याचा आशय. ताईंनी कार्ड फ्रिजवर लावले आणि रोजच्या कुटुंबप्रार्थनेत ते सगळ्यांनी मिळून म्हटले. त्याच वर्षी यजमानांची नोकरी गेली, धाकट्या भावाची मूत्रपिंडे निकामी झाली आणि नाताळच्या आधी तो वारला. मंडळीतल्या एका बहिणीने समजूत घातली ती अशी, की वचन नुसते वाचून चालत नाही, ते विश्वासाने क्लेम करावे, म्हणजे आपले म्हणून हक्काने मागावे, लागते आणि तुमचा विश्वास तिथे कमी पडला. ताई विचारतात, हे वचन माझ्यासाठी होते की नव्हते? होते तर ते खरे का झाले नाही, आणि नव्हते तर मी कशावर भिस्त ठेवू? शिवाय त्या रविवार शाळेत शिकवतात, तेव्हा मुलांकडून हे वचन पाठ करून घ्यावे का, असाही त्यांचा एक प्रश्न आहे.

ताई, तुमचा भाऊ का गेला याचे कारण मी सांगणार नाही. पाळक म्हणून इतकी वर्षे दुःखाच्या घरांत बसल्यावर माझे असे मत झाले आहे की, ज्याला हे कारण चटकन सांगता येते त्याचे ऐकू नये. जुन्या करारातल्या, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर त्यांचे बरोबर चालले होते. ते तोंड उघडून कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले, आणि पुस्तकाच्या शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्या कारणे सांगणाऱ्यांवर, देवाला उलट प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नाही. तुमच्या त्या बहिणीचा हेतू चांगला असेल, परंतु तिने तुमच्या दुःखावर दोषाचे ओझे ठेवले, आणि ते उतरवण्यासाठी आपल्याला त्या वचनाच्या मुळाशी जावे लागेल.

कार्डावरचे ते वाक्य एका पत्रातले आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले आणि तरुण राजा यकन्या, राजमाता, दरबारी, कारागीर आणि लोहार अशा लोकांना बंदिवान करून बाबेलला नेले. मागे त्याने सिद्कीयाला आपला मांडलिक म्हणून गादीवर बसवले. सिद्कीयाचे दोन वकील, एलासा आणि गमऱ्या, काही राजकीय कामासाठी बाबेलला निघाले तेव्हा यिर्मयाने बंदिवानांना लिहिलेले पत्र त्यांच्या हाती दिले. हे पत्र कोणत्या वातावरणात लिहिले गेले ते कळण्यासाठी आधीचा, म्हणजे २८ वा अध्याय वाचावा लागतो, आणि नेमका तोच आपण वाचत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत जाहीर करतो की, परमेश्वराने बाबेलच्या राजाचे जू मोडले आहे, दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रे, राजा यकन्या आणि सगळे बंदिवान परत येतील. लोकांना हवे होते तेच तो बोलला, आणि तेही परमेश्वराच्या नावाने. त्या काळी वचनकार्डे छापत असते तर हनन्याचीच कार्डे संपली असती.

यिर्मयाने यावर दिलेले पहिले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. तो म्हणाला, आमेन, परमेश्वर असेच करो. म्हणजे बंदिवान लवकर परत यावेत ही इच्छा त्याच्याही मनात होती. त्याला कठोर संदेश देण्यात काही गोडी वाटत नव्हती. पण स्वतःची इच्छा आणि देवाचे अभिवचन या दोन गोष्टी त्याने एक होऊ दिल्या नाहीत. बाबेलच्या अधीन राहा या संदेशाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतले होते. हनन्याने ते काढून मोडले तेव्हा वाद न घालता तो निघून गेला, आणि परमेश्वराचा संदेश मिळाल्यावर परत येऊन म्हणाला की, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावले आहेस. त्याच वर्षी सातव्या महिन्यात हनन्या मरण पावला.

आता पत्र वाचा. घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलामुलींची लग्ने लावून द्या. ज्या नगरात मी तुम्हांला बंदिवान करून पाठवले आहे त्याचे हित साधा आणि त्याच्यासाठी माझी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. मग दहाव्या वचनात मुदत येते: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन आणि तुम्हांला या स्थळी परत आणीन. आणि त्यालाच लागून अकरावे वचन, तुमच्या कार्डावरचे. चाळिशीच्या माणसाने हे पत्र ऐकले असेल तर त्याला लगेच कळले असेल की आपली हाडे बाबेलच्या मातीतच पडणार आहेत. हिताचे संकल्प हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांतल्या बहुतेकांनी यरुशलेम पुन्हा पाहिले नाही. त्यांच्यासाठी वचन खोटे ठरले का? बंदिवान जमातीला दिलेले ते वचन त्यांच्या नातवंडांच्या काळात खरे झाले, पर्शियाचा राजा कोरेश याने इ.स.पू. ५३८ च्या सुमारास परतीची परवानगी दिली तेव्हा. मधल्या काळात त्यांनी खरोखर घरे बांधली. बाबेलच्या परिसरात सापडलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदानगर’ अशा अर्थाच्या एका वस्तीचे व्यवहार कोरलेले आहेत. त्यांतली सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची आहे, आणि शेतसारा, भाडेपट्टे, कर्जे अशा रोजच्या कागदपत्रांत परमेश्वराचे नाव गुंफलेली यहूदी नावे जागोजागी दिसतात. पत्राप्रमाणे वागलेल्या लोकांची ही नोंद वाचताना मला एखाद्या मोठ्या चमत्काराची साक्ष ऐकल्याइतके समाधान वाटते, हे येथे सहज सांगतो.

तर तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग असा सुटतो. या वर्षात तुमच्या घरी आजार येणार नाही किंवा नोकरी जाणार नाही, असे त्या वचनाने कधी म्हटलेलेच नव्हते. ते आपण कार्ड कापून तयार केलेल्या वाक्याने म्हटले. दोष छापणाऱ्यांना देऊन उपयोग नाही, कारण संदर्भ सोडून सांत्वन घेण्याची सवय आपण सगळ्यांनीच लावून घेतली आहे. ताटातून चिठ्ठी उचलून वर्षाचे भविष्य पाहण्याची ही पद्धत मला स्वतःला पसंत नाही. आमच्या मंडळीत कार्डे देतात, पण त्यावर अध्यायाचा अंक मोठा छापावा आणि घरी जाऊन पूर्ण अध्याय वाचावा, असा माझा आग्रह असतो.

मग वचन तुमच्यासाठी नाहीच का? आहे, पण एका विशिष्ट वाटेने. ही वाट शास्त्रातच दाखवलेली आहे. मोशेच्या मृत्यूनंतर परमेश्वराने यहोशवाला दोन गोष्टी सांगितल्या: तुझ्या आयुष्यात कोणी तुझ्यापुढे टिकणार नाही, आणि मी तुला सोडणार नाही व टाकणार नाही. पुढे अनेक शतकांनी इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने तेच आश्वासन ख्रिस्ती वाचकांना दिले (१३:५). त्याने काय घेतले आणि काय सोडले ते नीट पाहा. मी तुला सोडणार नाही, हे त्याने घेतले. कोणी तुझ्यापुढे टिकणार नाही, हे त्याने वाचकांना दिले नाही. देऊ शकतही नव्हता, कारण याच वाचकांची मालमत्ता विश्वासामुळे लुटली गेली होती आणि त्यांचे बांधव तुरुंगात होते, हे त्याने आधीच्या अध्यायांत लिहिले आहे. एका माणसाला, एका कामासाठी दिलेल्या विजयाची हमी त्या माणसाबरोबर राहिली. ज्या देवाने ती दिली त्याची सोबत मात्र सगळ्या विश्वासणाऱ्यांकडे आली. जुन्या करारातले कोणतेही अभिवचन हातात घेताना मी ही कसोटी लावतो आणि तुम्हीही ती लावून पाहा.

ही सोबत आपल्याकडे येते ती ख्रिस्ताच्या द्वारे. पौल करिंथकरांस लिहितो की देवाची वचने कितीही असोत, त्यांचा होकार ख्रिस्ताच्या ठायी आहे. म्हणून तुम्ही हक्काने ज्यांवर टेकू शकता ती वचने अशी आहेत: पापे पदरी घेतली तर तो क्षमा करील, युगाच्या समाप्तीपर्यंत तो आपल्याबरोबर राहील, मागणाऱ्यांना स्वर्गातला पिता पवित्र आत्मा देईल, तुमच्यात आरंभलेले काम तो सिद्धीस नेईल, मरण किंवा जीवन, काहीही त्याच्या प्रीतीपासून आपल्याला विभक्त करणार नाही, आणि शेवटी तो डोळ्यांतले अश्रू पुसून टाकील. याच यादीत मी योहान १६:३३ देखील धरतो, ज्यात जगात तुम्हांला क्लेश होतील असे येशूने सांगून ठेवले आहे. हे वचन मात्र मी कुठल्याही कार्डावर पाहिलेले नाही. नोकरी अमुक महिन्यात मिळेल, अमुक रोगी उठेल, ही मागणी आपण जरूर करावी, आग्रहाने करावी, पण तिला अभिवचन म्हणू नये.

आता त्या ‘क्लेम’ करण्याविषयी. नव्या करारात कोणी कोणाला एखाद्या अभिवचनावर उडी घ्यायला सांगितले असेल तर ते सैतानाने येशूला, मंदिराच्या शिखरावर. त्याने ९१ व्या स्तोत्राचा आधारही दिला, देवदूत तुला हातांवर झेलतील म्हणून. वचन खरे होते. वापर खोटा होता, कारण त्यात देवाला आपल्या ठरवलेल्या प्रसंगात कोंडून सिद्ध हो म्हणायचे होते. येशूने उत्तर दिले की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. तोच येशू पुढे गेथशेमाने बागेत रडून मागणी करतो, हा प्याला टळो, आणि तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे म्हणतो. या प्रार्थनेला कोणी विश्वासाची उणीव म्हणू धजेल असे मला वाटत नाही, आणि तरीही मंडळीत कोणी प्रार्थनेच्या शेवटी ‘तुझी इच्छा असेल तर’ असे म्हटले की त्याला शंकेखोर ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

विश्वास कमी पडला म्हणून रोगी बरा झाला नाही, या म्हणण्याला पौलाची पत्रे फारशी साथ देत नाहीत. त्याच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आले, माझी कृपा तुला पुरे आहे. तीमथ्याला तो वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेतात आजारी सोडले, असे शेवटच्या पत्रात एका ओळीत लिहून तो पुढे जातो, त्रफिमाच्या विश्वासाची चौकशी करत नाही. याकोबाच्या पत्रातली दोन वचने मात्र तुमच्यापुढे ठेवली जातील, तेव्हा त्यांविषयी सांगणे भाग आहे. संशय धरणाऱ्याला काही मिळणार नाही, हे पहिल्या अध्यायातले वाक्य ज्ञान मागण्याविषयी आहे, आणि तिथला संशयी माणूस म्हणजे देव आणि जग या दोन दरडींवर पाय ठेवणारा. रडत रडत मागणारी बहीण त्यात बसत नाही. पाचव्या अध्यायात विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील असे आहे खरे, पण ती प्रार्थना मंडळीच्या वडिलांनी येऊन, तेल लावून करायची आहे. विश्वास मोजायचाच असेल तर आधी आम्हा पाळकांचा आणि वडिलांचा मोजावा लागेल. दुखणाइताकडून तिथे एवढीच अपेक्षा आहे की त्याने निरोप पाठवावा.

या शिकवणीचे परिणाम केवळ मनापुरते राहत नाहीत. आमच्या भागातल्या एका वृद्ध गृहस्थांनी एका मोठ्या सभेनंतर मधुमेहाची औषधे बंद केली, कारण त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले, हे यशयाचे वचन त्यांनी क्लेम केले होते. गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे त्यांना सांगण्यात आले होते. पायाची जखम चिघळून घोट्याच्या वर काळी पडली तेव्हा घरच्यांनी मला बोलावले. मी त्यांच्या खाटेवर बसून १ पेत्र २:२४ मोठ्याने वाचले, ज्यात पेत्र यशयाचे तेच वचन घेतो आणि आपण पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगावे असा त्याचा अर्थ लावतो. मग त्यांना विचारले की वैद्य असलेल्या लूकाने शुभवर्तमान लिहिले, त्याला पौल प्रिय म्हणतो, तर डॉक्टरकडे जाण्यात देवाचा अपमान कसा होईल? त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही, मग सुनेला गोळ्यांचा डबा आणायला सांगितला. पाय मात्र वाचला नाही. तुमच्या भावाचे डायलिसिस तुम्ही चालू ठेवले याचा तुमच्या मनात कुठे सल असेल तर तो काढून टाका. देवाने दिलेल्या साधनांचा तो योग्य उपयोग होता. आणि अमुक रक्कम विश्वासाचे बी म्हणून पेरा, वचन शंभरपट फळेल, असे सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्याकडे एक रुपयाही देऊ नका.

भाऊ गेलेल्या बहिणीने शास्त्रात कुठे जावे, असे मला कोणी विचारले तर मी योहानाचा ११ वा अध्याय सांगतो. बेथानीच्या मार्था आणि मरीया यांनी लाजर आजारी असल्याचा निरोप पाठवला. येशूकडून आलेले शब्द होते की हा आजार मरणासाठी नाही, तर देवाच्या गौरवासाठी आहे. मग तो आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. हे शब्द त्या घरापर्यंत पोहोचले असतील तर तिथे प्रेत असताना ते कसे ऐकू आले असतील, याचा विचार करा, कारण तुमच्या फ्रिजवरच्या कार्डाची गत त्याहून फार वेगळी नव्हती. दोघी बहिणी वेगवेगळ्या भेटल्या, पण दोघींनी एकच वाक्य म्हटले: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यात विश्वासही आहे आणि तक्रारही आहे. येशूने त्यांपैकी एकीलाही तुझा विश्वास कमी पडला असे म्हटले नाही. मार्थेला त्याने अभिवचन दिले, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मरीयेबरोबर तो रडला. लाजर उठला, पण तो पुढे पुन्हा केव्हातरी मेलाच असणार, म्हणून त्या दिवसाचा चमत्कार हे अभिवचनाचे पूर्ण माप नव्हते. माप कळले ते येशू स्वतः कबरेतून उठला तेव्हा. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, असे पौल सरळ लिहितो. अभिवचनांवर भरवसा ठेवण्याचा सगळा पाया त्या एका घटनेवर आहे, आपण किती जोराने विश्वास ठेवतो यावर नाही. झटके येणाऱ्या मुलाच्या बापाने माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, अशी अर्धवट कबुली दिली आणि तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला.

भरवसा ठेवायचा म्हणजे रोज करायचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तो प्रश्न तुमच्या प्रश्नाच्या आत आहेच. त्यासाठी पुन्हा यिर्मयाकडे जाऊ, ३२ व्या अध्यायात. आता सिद्कीयाचे दहावे वर्ष आहे, खास्दी, म्हणजे बाबेलच्या, सैन्याचा वेढा यरुशलेमेला पडला आहे आणि यिर्मया राजवाड्याच्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे. त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथातले माझे शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेच्या जवळचे गाव, म्हणजे ती जमीन शत्रूच्या छावणीच्या टापूतली. यिर्मयाने सतरा शेकेल चांदी, आजच्या हिशेबाने सुमारे दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून दिली. खरेदीखतावर सही केली, साक्षीदार घेतले, एक प्रत मोहरबंद केली आणि एक उघडी ठेवली, आणि दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगितले की ही मातीच्या भांड्यात ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हे परमेश्वराचे अभिवचन होते. ज्याला सातबाऱ्यावरची एक नोंद फिरवायला तलाठ्याकडे किती खेपा घालाव्या लागतात ते ठाऊक आहे, त्याला या कागदपत्रांच्या बारकाव्यात भरवसा कसा दिसतो ते मी वेगळे सांगायला नको. यिर्मयाने त्या शेतात कधी पाऊल टाकले असे शास्त्र सांगत नाही. लोकांनी त्याला पुढे मिसरात नेले.

पण याच अध्यायात पुढे वाचा. भांडे बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि आपला गोंधळ देवापुढे ओततो: नगर खास्द्यांच्या हाती जात आहे, मोर्चे बांधलेले तू पाहतोस, आणि तरी तू मला म्हणालास की शेत विकत घे. व्यवहार पूर्ण झाला तरी मनातला प्रश्न पूर्ण झाला नव्हता. हा क्रम मी अनेक घरांत सांगितला आहे, कारण लोकांना वाटते की आधी मन शांत व्हावे आणि मग आज्ञापालन करावे. यिर्मयाने आधी चांदी तोलली आणि मग विचारले. तुमच्या बाबतीत याचा अर्थ इतकाच की यजमानांनी लहानसहान मिळेल ते काम पाहावे, तुम्ही भावाच्या मुलांची फी भरायला मदत करत असाल तर ती चालू ठेवावी, रविवारी प्रभुभोजनाला बसावे, आणि हे सगळे करताना मनात जे दाटून येते ते प्रार्थनेत लपवू नये.

लपवू नये म्हणण्याचे कारण शास्त्राने अशा प्रार्थनांना जागा दिली आहे हे आहे. ७७ व्या स्तोत्रात कवी विचारतो, देवाचे वचन कायमचे खुंटले काय? देव कृपा करायला विसरला काय? ८८ वे स्तोत्र तर काळोखातच संपते, शेवटी स्तुतीची एक ओळही नाही. इस्राएलाच्या लोकांनी ते उपासनेच्या पुस्तकातून काढून टाकले नाही. आपल्या मंडळ्यांत मात्र साक्षीच्या वेळी दुःखाची गोष्ट सांगायला उभे राहिलेल्याने शेवटी ‘पण प्रभूने सर्व चांगले केले’ असे म्हणावेच लागते, नाहीतर लोक अस्वस्थ होतात. तुम्हांला ते वाक्य आज म्हणवत नसेल तर म्हणू नका. ७७ वे स्तोत्र मोठ्याने वाचा, तेवढी साक्ष पुरेशी आहे.

अभिवचन आणि प्रार्थना यांचा संबंध बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या दानीएलाने सर्वांत नीट समजून घेतला, असे मला वाटते. दारयावेशाच्या पहिल्या वर्षी त्याने यिर्मयाच्या ग्रंथातली सत्तर वर्षांची मुदत वाचली. ती भरत आली आहे हे कळल्यावर तो हात जोडून बसून राहिला नाही. उपास करून, गोणताट नेसून त्याने आपल्या आणि लोकांच्या पापांची कबुली दिली आणि त्या वचनाच्या आधारे विनवणी केली. उत्पत्तीतल्या याकोबानेही, दुखावलेला भाऊ एसाव याला भेटण्याच्या आदल्या रात्री असेच केले, तूच म्हणाला होतास की मी तुझे कल्याण करीन, असे देवाला स्मरण दिले. देवाला त्याच्याच शब्दांची आठवण करून देणे आणि देवाला हुकूम सोडणे यांतला फरक या दोन प्रार्थना वाचून कळतो.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देईन. आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होण्याआधी पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका यांना त्यांनी केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात आसरा दिला, आणि आयुष्याची अखेरची वर्षे साध्या माणसाला कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्यात घालवली. एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती मुक्तीचे काम जावे असे वाटत होते, ती १९२१ मध्ये चाळिशीत वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्तीच्या छापखान्यातून त्यांचे संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये बाहेर पडले. रमाबाईंच्या चरित्रातून ज्यांना ‘विश्वास ठेवा, सगळे मिळेल’ असे दाखवायचे असते ते मनोरमेचा मृत्यू एका वाक्यात उरकतात. मला ते प्रामाणिक वाटत नाही.

आता रविवार शाळेविषयी. यिर्मया २९:११ मुलांकडून जरूर पाठ करून घ्या, पण ते दहाव्या वचनासकट, म्हणजे सत्तर वर्षे त्यांच्या तोंडी बसतील. मोठ्या वर्गाला ४ ते १४ ही सगळी वचने द्या आणि त्याच्या आधीच्या रविवारी २८ वा अध्याय नाटकासारखा वाचून घ्या. एक मुलगा हनन्या होईल, एक यिर्मया होईल, मानेवर ठेवायला साधी काठी पुरते, आणि हनन्याला टाळ्या मिळाल्या तर मिळू द्या. मग मुलांना विचारा की पत्र कोणी कोणाला लिहिले, परत येईपर्यंत काय करायला सांगितले, आणि ते ऐकणारे आजोबा परत आले असतील का. आठ वर्षांखालच्या मुलांना हे झेपणार नाही. त्यांना मत्तयाच्या शेवटच्या वचनातला मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे एवढा तुकडा द्या, आणि यिर्मया पुढच्या इयत्तेसाठी ठेवा.